मीटर खरे, बिल खोटे?

बंद घरातले मीटर फिरते, तेव्हा प्रश्न फक्त काही युनिटांचा नसतो. तराजू कुणाच्या हातात आहे आणि तो तपासायचा कुणी, हा खरा प्रश्न असतो.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. लेकीच्या बाळंतपणासाठी सर आणि काकू चाळीस दिवस नागपूरला गेले होते. जाताना त्यांनी फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवले, गॅसचा कॉक बंद केला, मेन स्विच खाली पाडला आणि किल्ली शेजारी दिली. परत आल्यावर लाइटबिल हाती पडले. त्यात ११८ युनिट लागलेले होते.

सर बिल घेऊन वीज कार्यालयात गेले. ‘घर बंद होते, मग ही वीज जाळली कुणी?’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. खिडकीपलीकडून उत्तर आले, ‘सर, मीटर हे यंत्र आहे. ते कशाला खोटे बोलेल?’ सरांनी रीतसर अर्ज केला, तपासणीचे पैसे भरले. मीटर तपासले गेले आणि अहवाल आला : मीटर सुस्थितीत, अचूकता मर्यादेच्या आत.

या प्रकरणाचा विलक्षण भाग असा की तो अहवाल खरा होता, सरांचे म्हणणेही खरे होते. मीटर बिघडलेले नव्हते आणि सरांनी वीज वापरलेली नव्हती. या दोन सत्यांच्या मधल्या फटीत महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे अडकतात. ‘मीटर पळतेय’ ही आपल्याकडची घरोघरची तक्रार आहे आणि ‘मीटर ओके आहे’ हे तिचे ठरलेले उत्तर. दोघांनाही एकमेकांचे ऐकून घ्यायची गरज वाटत नाही. म्हणून हे यंत्र नेमके काय मोजते, हे एकदा मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

काचेच्या बरणीपासून लाल दिव्यापर्यंत

वीज विकायची तर ती मोजली पाहिजे, ही अडचण पहिल्या वीज कंपन्यांपुढेच उभी राहिली. एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये काचेच्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. विजेचा प्रवाह जाईल तसे एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर चढे. महिन्याकाठी कंपनीचा माणूस त्या पट्ट्या घेऊन जाई, तोलून पाही आणि वजनातल्या फरकावरून बिल करी. ग्राहकाला घरात बसून काहीच वाचता येत नसे. कंपनी सांगेल तो आकडा मान्य करायचा.

पुढे १८८९ मध्ये बुडापेस्टच्या ओटो ब्लाथी या अभियंत्याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या चकतीच्या मीटरचे पेटंट घेतले. त्या कुळातले, काळ्या डब्यातले, आडवी चकती फिरवणारे मीटर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. त्याचा मोठा गुण असा की ते शेंबड्या पोरालाही कळे. इस्त्री लावली की चकती भरभर फिरे, सगळे बंद केले की थांबे. यंत्र आणि गिऱ्हाईक यांच्यात काही पडदा नव्हता. पण ही चकती वयाबरोबर जड होई. बेअरिंग झिजे, धूळ बसे आणि अगदी किरकोळ भाराला ती हलतच नसे. वर्षानुवर्षे आपण थोडी वीज फुकट वापरत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग इलेक्ट्रॉनिक मीटर आले. चकतीच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा आला. पाच अँपियर पायाचे, एक टक्का अचूकतेच्या वर्गातले मीटर साधारण चार-पाच वॅटच्या भारालाही नोंद घेऊ लागते. भिंतीतला चार्जर, रिमोटने बंद केलेला टीव्ही, रात्रंदिवस जागा असलेला सेट टॉप बॉक्स हे सगळे आता हिशेबात आले. दहा वॅट ओढणारे एखादे उपकरण चोवीस तास चालू राहिले तर महिन्याला सात युनिट होतात. ‘मीटर बदलले आणि बिल वाढले’ या तक्रारीत जे तथ्य आहे, त्यातला एक हिस्सा इथे आहे. नवे मीटर पळत नव्हते, जुने लंगडत होते.

परंतु एवढ्याने सरांच्या ११८ युनिटांचा उलगडा होत नाही. त्यांच्या घरात तर मेन स्विचच बंद होता.

चोरासाठी लावलेले कुलूप

मीटरमध्ये दोन तारा येतात आणि दोन बाहेर पडतात. फेजच्या तारेने प्रवाह घरात जातो, न्यूट्रलच्या तारेने परत येतो. सर्व ठीक असेल तर गेला तेवढाच परत येतो. जुने चकतीचे मीटर फक्त फेजच्या तारेतला प्रवाह मोजत असे. हे हेरून चोरांनी युक्ती काढली. तारांची अदलाबदल करायची, परतीच्या वाटेसाठी न्यूट्रलऐवजी जमिनीतले अर्थिंग वापरायचे आणि मीटरला चकवायचे. आकडा टाकणे ही उघड चोरी, ही सभ्य वस्तीतली.

त्यावर उपाय म्हणून नव्या मीटरला दोन डोळे देण्यात आले. ते फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतला प्रवाह मोजते आणि दोहोंपैकी जो जास्त असेल त्यावर युनिट लावते. जाणे आणि येणे यांत तफावत दिसली की बऱ्याच मीटरवर ‘अर्थ’ची खूण असलेला छोटा दिवा पेटतो. चोराच्या दृष्टीने हा बंदोबस्त चोख आहे. पण चोरासाठी लावलेले कुलूप कधी कधी घरच्या माणसालाच बाहेर ठेवते, तसे इथे होते.

जुन्या इमारतींत, चाळींत, वाड्यांत आणि घाईने उभ्या राहिलेल्या सोसायट्यांतही मीटरच्या खोलीत तारांचे जंजाळ असते. दोन घरांच्या न्यूट्रलच्या तारा मीटरच्या पुढे कुठेतरी एकत्र बांधलेल्या असतात. जुन्या मीटरच्या काळात त्याने कुणाच्याही बिलाला धक्का लागत नसे, म्हणून कुणी लक्षही दिले नाही. नवे मीटर बसते आणि चित्र पालटते. शेजाऱ्याने वापरलेल्या विजेचा प्रवाह परत येताना दोन वाटा फुटतात. काही त्याच्या न्यूट्रलमधून जातो, काही माझ्या. माझ्या घरात दिवा नसला तरी माझ्या न्यूट्रलमधून प्रवाह वाहताना माझे मीटर पाहते आणि इमानेइतबारे युनिट लावते.

सरांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची न्यूट्रल आणि त्यांची न्यूट्रल मीटरच्या खोलीत एका पट्टीवर जोडलेली होती. हे कळल्यावर वरचे गृहस्थ ओशाळले. ‘आमची वीज तुम्ही भरलीत,’ म्हणत ते पैसे घेऊन सरांकडे आले. पण हिशेब मांडला तेव्हा आणखी एक गंमत लक्षात आली. वरच्या मीटरने फेजचा प्रवाह मोजला होता, तो पूर्ण होता. म्हणजे त्या गृहस्थांनी आपली वीज पूर्ण भरलीच होती. तिचाच परतीचा काही भाग सरांच्या मीटरने पुन्हा मोजला. एकच वीज दोनदा विकली गेली. दोघा शेजाऱ्यांचे एकमेकांकडे काही देणे नव्हते. जास्तीचे पैसे गेले ते पुरवठादाराच्या तिजोरीत आणि तेही कुणाच्या हेतूशिवाय.

यातून एक व्यापक मुद्दा निघतो. वितरण कंपनी एखाद्या भागाला किती वीज पुरवली आणि त्यातल्या किती विजेचे बिल झाले, यावरून गळती मोजते. जिथे तीच वीज दोनदा बिलात येते, तिथे गळती कागदावर तेवढी कमी दिसते. अशा चुका शोधून काढण्याची निकड कंपनीच्या हिशेबाला कधीच भासत नाही. ग्राहकाच्या विरुद्ध होणारी चूक व्यवस्थेला टोचत नाही, एवढाच याचा अर्थ.

घरातला चोर

प्रत्येक जादा बिलाचे कारण असे बाहेर असते, असे मात्र नव्हे. पुष्कळदा चोर घरातच असतो. ओल आलेल्या भिंतीतली वायर, गिझरचे झिजलेले कॉइल, पाण्याच्या पंपाची जुनी मोटर यांतून थोडा प्रवाह जमिनीत झिरपत राहतो. एक दशांश अँपियर म्हणजे किरकोळ वाटते. पण तेवढी गळती चोवीस तास चालू राहिली तर २३० व्होल्टला महिन्याला सोळा-सतरा युनिट होतात. युनिटांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे एवढी गळती माणसाचा जीव घेऊ शकते. ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा स्विच घरात असावा, असे जाणकार सांगतात ते बिलासाठी नव्हे. जादा बिल हा अशा वेळी आजाराच्या आधी येणारा ताप असतो आणि तो वेळीच ओळखावा.

बाकीचे चोर साळसूद असतात. संडासातली टाकी गळते, म्हणून स्वयंचलित पंप दिवसातून चार वेळा जास्त चालतो. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली असते आणि ती भरतच नाही, त्यामुळे चार्जिंग कधी थांबत नाही. फ्रीजच्या दाराचे रबर सैल झालेले असते. गिझरचा थर्मोस्टॅट अडकलेला असतो. त्यात आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. वापर थोडा वाढून टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो आणि बिल वापरापेक्षा जास्त वेगाने फुगते. मग माणूस म्हणतो, मीटर पळतेय.

मग सामान्य माणसाने शोधायचे कसे? सरांनी जे केले ते कुणालाही करता येईल. प्रथम बिलावरचा मीटर क्रमांक आणि प्रत्यक्ष मीटरवरचा क्रमांक ताडून पाहावा. नव्या इमारतींत दोन सदनिकांच्या मीटरची अदलाबदल झालेली असते आणि माणसे वर्षानुवर्षे एकमेकांची बिले भरत असतात. नंतर बिलावरचे चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा पाहावा. बिल सरासरीचे आहे का, ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा आहे का, हे वाचावे. मग दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करून तासभर मीटरवर नजर ठेवावी. दिवा लुकलुकायचा थांबला तर वीज घरातच जाते आहे. एकेक सर्किट चालू करत गेले की दोषी सापडतो. स्विच बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला आणि आकडा सरकत राहिला, तर दोष मीटरमध्ये किंवा मीटर आणि स्विच यांच्यामधल्या तारांत आहे.

मीटरची अचूकताही ढोबळमानाने घरी जोखता येते. मीटरवर ‘एका युनिटला ३२०० पल्स’ अशी नोंद असते, काहींवर आकडा निराळा असतो. ३२०० असेल तर एक हजार वॅटचा भार मिनिटाला साधारण त्रेपन्न वेळा दिवा लुकलुकवील. बाकी सगळे बंद करून एकच माहीत असलेले उपकरण लावावे आणि घड्याळ घेऊन मोजावे. व्होल्टेज कमी-जास्त असते, त्यामुळे थोडा फरक पडेल, पण दुप्पट-तिप्पट नव्हे. यापुढचे काम मात्र परवानाधारक वायरमनचे आहे. मीटरचे सील कुणीही, कोणत्याही कारणाने तोडू नये. तोडले तर तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

काटा कुणाचा, शिक्का कुणाचा?

वाण्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. काटा वाण्याचा, तपासणी तिसऱ्याची. विजेच्या बाबतीत मीटर सहसा पुरवठादाराचे, वाचणारा त्याने नेमलेला, तपासणारी प्रयोगशाळा बहुधा त्याचीच आणि न भरल्यास वीज तोडणाराही तोच. १९१० च्या विद्युत कायद्यात मीटरच्या अचूकतेचा वाद विद्युत निरीक्षकाकडे नेण्याची तरतूद होती आणि दुरुस्तीची मर्यादा सहा महिन्यांची होती. २००३ च्या कायद्यात ती तशी राहिली नाही. त्याऐवजी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी उतरंड आली. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. वकील न लावता तिथे दाद मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

याच कायद्याच्या ५६ व्या कलमात ग्राहकाला एक मोठा आधार आहे. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास पुरवठादाराने पाच दिवसांत जादा मीटर बसवावे आणि किमान तीन महिने वापर पडताळावा, असे ती सांगते. कागद चांगला आहे. पण खिडकीपलीकडचा माणूस हा नियम आपणहून सांगेल अशी आशा करू नये. अर्जात तो लिहावा लागतो.

विश्वास किती ठिसूळ आहे, हे २०२० च्या उन्हाळ्यात दिसले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि रीडिंग घेणे थांबले. एप्रिल-मेची बिले आधीच्या, हिवाळ्याच्या महिन्यांच्या सरासरीने निघाली. प्रत्यक्षात माणसे भर उन्हाळ्यात दिवसभर घरात होती, पंखे-कूलर चालू होते. जूनमध्ये खरे रीडिंग आले आणि साऱ्या फरकाचा भार एकदम पडला. त्यात एक एप्रिलपासून दरही बदलले होते. राज्यभर ओरड झाली. मीटर एका रात्रीत पळू लागले होते असे नव्हे. पण ज्यांचा पगार थांबला होता त्यांना हे समजावून सांगायला कुणी पुढे आले नाही आणि नंतर दिलेले हप्ते, सवलती, खुलासे हे सारे वरातीमागून घोडे ठरले.

आता स्मार्ट मीटर आले आहेत. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभर पंचवीस कोटी मीटरचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्रात विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असे सरकारने जाहीर केले. पुढे वेळेनुसार वापर नोंदवणारी, पण नंतर बिल येणारी मीटर बसवली जाऊ लागली. या मीटरबद्दलची भीती सरसकट खरी नाही आणि सरसकट खोटीही नाही. हे मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या अंतराने वापर टिपते. सरांकडे ते असते आणि त्यातली नोंद त्यांना वाचता आली असती, तर बंद घरात रोज रात्री नऊला वापर वाढतो आणि बाराला उतरतो, हे पहिल्याच आठवड्यात दिसले असते. पण ती नोंद मीटरपासून थेट पुरवठादाराच्या संगणकात जाते आणि ग्राहकाच्या हाती फक्त बेरीज येते. असे झाले तर आपण पुन्हा एडिसनच्या बरणीपाशी पोचलो. आत काय चालले आहे हे पट्ट्या तोलणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट अधिक साधी. लाखो मीटर कंत्राटदारांची माणसे घाईघाईने बदलत आहेत. प्रत्येक बदलाच्या वेळी मेन स्विच पाच मिनिटे बंद ठेवून नवे मीटर थांबते की नाही हे ग्राहकासमोर पाहावे, ‘अर्थ’चा दिवा पेटतो का ते लिहावे, जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग नोंदवून दोघांनी सही करावी. एवढा नियम केला तर न्यूट्रलचे घोळ आणि अदलाबदली तिथल्या तिथे उघड्या पडतील. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, पाच मिनिटे लागतात.

सरांचा वायरमन टोंग टेस्टर घेऊन आला होता. स्विच बंद असतानाही न्यूट्रलच्या तारेत प्रवाह दिसला आणि पंधरा मिनिटांत तारा वेगळ्या झाल्या. लाल दिवा थांबला. मात्र त्याआधीचे काही महिने सरांना वेगळीच धास्ती होती. पेटलेला ‘अर्थ’चा दिवा आणि जोडलेल्या न्यूट्रल एखाद्या भरारी पथकाने पाहिल्या असत्या, तर पहिला संशय चोरीचाच आला असता. अडतीस वर्षे शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाला हे बिलाच्या रकमेपेक्षा जास्त लागले होते.

पैशांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी, असे कार्यालय म्हणते. ती पट्टी मीटर बदलणाऱ्याने जोडली की आधीपासून होती, हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही. सरांनी हरकत नोंदवून पैसे भरले आणि मंचाकडे अर्ज केला आहे. अजून तारीख लागायची आहे. दरम्यान रोज सकाळी सातला ते खाली उतरतात, चष्मा पुसून मीटर वाचतात आणि शाळेच्या जुन्या हजेरीपटात आकडा लिहून ठेवतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा वही दाखवली. तिसरे पान भरत आले होते. काल चार युनिट, आज चार युनिट. ‘आता उपस्थिती बरोबर लागते,’ म्हणाले.